बोगद्यासाठी फोन मोकळा ठेवणे

राहाता, २२ नोव्हेंबर १९९९, सोमवार
वीस वर्षं फिजिक्स शिकवलं. पुरे. तीच पोरं, तेच लोलक. वीट आला. पेरूच्या बाजारभावाची वेबसाइट घरच्या कॉम्प्युटरवर तयार आहे. माझा जुना विद्यार्थी पंकज पुण्यात एका कंपनीत आहे. त्याचे साहेब शुक्रवारी अकराला ती तिथे बसून बघणार. आवडली तर पुण्यात नोकरी. फोनवरून इंटरनेट लावायचं आणि इथून त्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत कुलूपबंद बोगदा काढायचा. परक्याला आत डोकावता येणार नाही. सीमा म्हणाली, अहो, एसटीत बसून दाखवून या की. बायकोवर चिडायचं नाही, असा निश्चय.

२३ नोव्हेंबर
बोगदा लागला. चार मिनिटं. मग सीमाने बहिणीला फोन करायला स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलला. बोगदा ढासळला. चिडलो. एक्स्टेन्शनची वायर काढून कपाटात ठेवली. हे असभ्य झालं का? विचार केला. नाही.

२४ नोव्हेंबर
फोन माझा, पण अख्ख्या गल्लीने पाहुण्यांना निरोपासाठी शेजारचा पी.पी. नंबर म्हणून हाच दिलाय. शिसारी येते. रिसीव्हरला मिश्रीचा वास. समोरच्या बनुबाई फौजेतल्या लेकाशी, ज्ञानेश्वरशी बोलतात, तेव्हा मधल्या तारेची गरज वाटत नाही. शुक्रवारी फोन मिळणार नाही, असं घरोघरी सांगून आलो. कारण विचारलं म्हणून बोगदाही समजावला. बनुबाई म्हणाल्या, व्हय सर, पर खनायला टिकाव लागंल, फोन कशाला? शेजारचा गोरक्ष, पंकजचा वर्गमित्र, फिदीफिदी हसला. त्यालाही मीच शिकवलंय.

२५ नोव्हेंबर
पंकजने ईमेलने वेबसाइट उघडायचा पासवर्ड मागितला. ईमेल कुणीही वाचू शकतं. उद्या बरोबर अकराला फोन कर, तोंडी सांगेन, असं कळवलं. मी फार काटेकोर आहे का? असेन. पण पंकज पहिल्यापासून उतावळा. प्रॅक्टिकलला आधी उत्तर लिहायचा, मग रीडिंग घ्यायचा.

२६ नोव्हेंबर, दुपारी १२
पावणेअकरापासून बोगदा जराही हलला नाही! मोडेमचे दिवे लुकलुकताहेत, म्हणजे साहेब बघताहेत. किती बारकाईने! ईमेल उघडला नाही. लाइनवर ओझं नको. बनुबाई दोनदा दारात आल्या, हाताच्या खुणेनेच परत पाठवलं. पंकजचा फोन आला नाही. पासवर्ड त्याने स्वतःच ओळखला असावा. शेवटी विद्यार्थी माझा. राजीनाम्याचा मसुदा केला.

त्याच दिवशी, १ वाजता
बोगदा बंद केला तोच घंटी. पंकज. म्हणाला, सर, पासवर्डसाठी अकरापासून फोन लावतोय, सारखा एंगेज. साहेब कंटाळून उठले. ती नोकरी नाशिकच्या कुणाला दिली.

चूक कुणाची, हे प्रामाणिकपणे तपासलं. पंकजची. त्याला झापलं: शेजारी निरोप ठेवायची अक्कल नव्हती का?

तो म्हणाला, गोरक्षचा नंबर होता ना सर माझ्याकडे. लावला. तो तुमचाच निघाला.