भिंतीवरची उलटी माणसं

प्रिय खारुटले,

तुझी आई म्हणाली, हल्ली तू कुणाशी धड बोलत नाहीस. म्हणून फोन न करता पत्र लिहितेय. पत्राला निदान मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

इकडे मी एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डची भिंत रंगवतेय. पहिली कच्ची चित्रं घेऊन गेले, तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई चष्मा वर सारून म्हणाल्या, "छान आहे हो. पण इंद्रधनुष्य, हत्ती, फुगे... हे सगळीकडेच असतं." माझं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन नवं काही काढायला बसले, तर कागदावर पुन्हा हत्तीच! इतकी वर्षं पाठ्यपुस्तकांत चित्रं काढून आतलं सगळं आटलं की काय, अशी धास्तीच बसली.

शेजारची नृत्यशिक्षिका आठवते ना, दार न वाजवता आत येणारी? तिने भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा कॅट आणून दिला. "रोज एक पत्ता उचल आणि त्याच्याशी बोल," म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, या वयात मला भविष्य कशाला? तरी सकाळच्या चहाबरोबर एकेक पत्ता उचलू लागले. पुढे काय होणार ते विचारायचं नाही. यात मला काय दिसतं, एवढंच. तर काहीच दिसेना. सोबतच्या पुस्तिकेत छापलेला अर्थ तेवढा दिसायचा.

शेवटी एकदा कॅट पिशवीत टाकून वॉर्डमध्ये गेले. एका मुलीचा पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. तिने पत्ता उचलला, तो नेमका एका पायाने उलटा टांगलेल्या माणसाचा. मी पत्ता परत घ्यायला हात पुढे केला. पुस्तिका सांगत होती, थांबा, संयम ठेवा. पोरीने पत्ता निरखला आणि म्हणाली, "याला दिवसभर कुणी 'दुखतंय का' विचारत नसणार. बघा ना, कसा खुशीत आहे!" पलीकडच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, "हॅट! तो आकाशात बुडी मारतोय." नर्सबाई औषधाची बाटली हातात धरून वाकल्या. "मला विचाराल तर, हा नोकरी सोडून आलाय."

अगं, हा माणूस शेकडो वर्षं किती जणांनी काढलाय! तोच पाय, तोच दोर. आणि त्या सकाळी तो तिघांसाठी कोरा करकरीत होता. मी तिथेच फरशीवर बसून काढायला घेतलं. आता भिंतीवर एक थोरलं झाड आहे. त्याला माणसं, मांजरं, खुद्द डॉक्टरीणबाई उलट्या लटकल्यात, आणि आकाश खाली खाटांच्या उंचीला आलंय. बाईंनी स्वतःला ओळखलं, चेहरा गंभीर केला आणि विचारलं, "माझी चप्पल कशी पडत नाही?"

स्पर्धेच्या परीक्षकांनी तुझं चित्र 'मावशीची नक्कल' म्हणून परत पाठवलं, आणि तू रंग माळ्यावर टाकलेस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिने मला चित्राचा फोटो पाठवला. खोटं कशाला बोलू, ते फुगीर बुंध्याचं झाड माझंच आहे. म्हणजे माझंही नाही. माझ्या चित्रकलेच्या बाईंचं. त्यांनी कुठून उचललं, देव जाणे. पण झाडाखाली बूट काढून टाच चोळत बसलेली ती टपाल वाटणारी बाई? ते झाड मी जन्मभर काढलं. खाली कधी झोका टांगला, कधी पुस्तक वाचणारं पोर बसवलं. तिथे कुणाची टाच दुखत असेल, हे मला कधी सुचलं नाही. मी तिच्याकडे बघत बसले आणि चहाचं पार पाणी झालं.

खिडकीजवळचा भिंतीचा तुकडा मी मोकळा सोडलाय. तिथे मुलं आईबाबांची वाट बघत उभी राहतात. डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, तो माझ्या भाचीचा. त्यांनी विचारलं, "तीही तुमच्यासारखंच काढते का?" मी म्हटलं, थोडंसं, बाकीचं काय ते तिचं तिलाही अजून कळायचंय. रंग इथे ढिगाने आहेत, तू नुसती ये. प्लॅस्टरवाली रोज विचारते, "कधी येणार ती?" मी येत्या सोमवारी म्हणून बसलेय. मला खोटं पाडू नकोस.

कोपरापर्यंत रंगाने बरबटलेली,
तुझीच मावशी