तीन फोटोंतला काळा कोट

जाऊबाई,

तुमाले जाऊन तीन महिने झाले अन् मी आज पहिल्यांदा तुमाले पत्र लेहून राह्यली. रडाले नाई बसली, भांडाले बसली. उद्या विहारात कार्यक्रम आहे, कोट मशीनवर पडला आहे, कॉलर तेवढी राह्यली आहे, अन् माहं डोस्कं ठिकाणावर नाई. तुमच्याशी बोलल्याबिगर कात्री हातात धरवत नाई.

आधी एक गोष्ट कबूल करते. मी तुमच्यावर जळत होती. बावीस वर्षं एका दुकानात, दोन मशिनी शेजारी शेजारी, अन् मी रोज जळली. जैनथच्या बसस्टँडवरून गिऱ्हाईक येई, पायरी चढे अन् मलेच इचारे, "मोठ्या बाई नाईत का?" मी समोर बसून असे! मी काय दुकानातला बाक होती?

मी दहावी पास, तुमी चौथी. पण कोणी जुना फोटो आणला, का आजीच्या अंगात आहे तशीच चोळी शिवून द्या, तं तुमी तो फोटो खिडकीपाशी नेत अन् शिवण कुठून गेली, काखेत तुकडा कसा जोडला, सारं सांगून मोकळ्या होत. मले त्या फोटोत नुसती आजी दिसे. मी घरी येऊन माह्या बहिणीच्या लग्नाचा फोटो तसाच खिडकीपाशी धरून पाह्यला. काई दिसलं नाई. तुमाले कोणी शिकवलं होतं हो?

अन् ते कॉलेजातल्या मॅडमचं आठवते? आपल्या सासऱ्यांची, मामाजींची, शिलाईची पेटी पाहाले आदिलाबादहून आल्या होत्या. एक एक वस्तू उचलून इचारत होत्या, हे काय, ते काय. लाकडी मुठीचं दातेरी चाक उचललं, तशी मी पुढं पुढं करत म्हणलं, हे तं करंजी कापाचं चाक. मॅडम हसल्या. तुमी हसल्या नाई, तेच मले जास्त लागलं. तुमी कापडावर कागद ठेवला, त्याच्यावर चाक फिरवलं, अन् खाली ठिपक्यांची रेघ उमटली. मामाजी याच्यानं कागदावरचा खाका कापडावर उतरवत, म्हणल्या. मॅडमनं वहीत तुमचं नाव लेहलं अन् मी चहा टाकाले उठली.

खरं सांगू? त्या चाकानं मी दोनदा करंज्या कापल्या होत्या, अन् तुमी त्या खाल्ल्या होत्या. तवा काऊन नाई बोलल्या?

मग विहाराचं काम आलं. वस्तीतल्या जुन्या माणसांचे फोटो भिंतीवर लावाचे अन् बाजूले तसेच कपडे शिवून टांगाचे. तीन फोटो आले. एक आपल्या आजेसासऱ्यांचा, दोन शेजारच्या घरांतले. तिघंही दुसऱ्याच्या वावरात राबणारे गडी, अन् तिघांच्याही अंगात काळा कोट! वस्तीले त्या कोटाचा केवढा अभिमान, तुमाले माहीतच आहे. काम अर्थात तुमालेच देलं. तुमी कापड आणलं, अन् आठ दिवसांत छातीत दुखण्याचं निमित्त झालं.

काम माह्याकडं आलं. कापड उलगडून पाह्यलं तं एकाच कोटाचं! जाऊबाई, मले आनंद झाला. तुमाले जाऊन महिना नवता झाला अन् मले आनंद झाला, का तुमी चुकल्या. घरात सांगतलं, विहारात सांगतलं, नळावर बाया होत्या त्याईलेही सांगतलं, का बाईंचा अंदाज चुकला. वरून आदिलाबादले जाऊन आणखी दोन कोटांचं कापड घेऊन आली.

मापं काढाले तिन्ही फोटो एका ओळीत मांडले. आपल्या आजेसासऱ्यांच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. दुसऱ्याच्या बरोबर. तिसरा ठेंगणा, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत. पण तिघांच्याही कोटाचं तिसरं बटन बाकीच्यांहून फिकं. तिघांच्याही डाव्या खिशाखाली रफू, तेच अन् तिथंच. कोट एकच होता, बाई! फोटोवाल्याचा. जो येईन त्याच्या अंगात चढवाचा, अन् फोटो निघाला का उतरवून घ्याचा. आजेसासरे त्या कोटात असे कितीक वेळ बसले असतीन? अन् आपण एवढी वर्षं मिरवून राह्यलो.

मले वाईट वाटाले पाहिजे होतं. वाटलंही, पण मागून. आधी मनात आलं, हे जाऊबाईले नाई दिसलं, मले दिसलं! बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्या पुढं गेली. एकच कोट शिवला, खिशाखाली रफूसुद्धा केलं, अन् पंधरा दिवस मान वर करून चालली.

काल कोट घेऊन नर्सव्वाकडं गेली, काज कराले. तुमची ती जिवाची मैत्रीण. तुमी दोघी तेलुगूत बोलून हसत, मले अर्धं कळे अर्धं नाई, अन् वाटे माह्यावरच हसून राह्यल्या. तिले मोठ्या तोऱ्यात सांगतलं, पाहा, तीन फोटो अन् कोट एक. ती काज करता करता म्हणे,

"अक्काले माहीत होतं. म्हणून तं एकाचंच कापड आणलं. एक कोट शिवू, तिघांच्या मधात टांगू म्हणे."

अन् वर तिनं हे सांगतलं, "कॉलर आमची धाकली जाऊ कापन म्हणे. तिच्यासारखी कॉलर माह्या हातानं होत नाई म्हणे."

जाऊबाई, हे तुमी नर्सव्वाले सांगतलं? बावीस वर्षं साऱ्या कॉलर माह्या मशीनवर आणून टाकत, अन् मले वाटे किचकट काम माह्या गळ्यात मारून राह्यल्या. एका हाताच्या अंतरावर बसत होती मी! मान इकडं वळवून म्हणलं असतं, तं काय बिघडलं असतं? ते बोलणं माहं होतं. अन् ऐकलं तिनं. मी काल रातभर तुमच्यावर नाई, नर्सव्वावर जळली.

पण मीही कुठं कोणाले कवा चांगलं म्हणलं? तुमी शिवलेली चोळी किती डाव चोरून उलटी करून पाह्यली, आतली शिवण पाहून जीव थक्क होई. तुमाले एका शब्दानं सांगतलं नाई.

आता कॉलर कापते. उद्या विहारात सगळ्यांसमोर सांगन, का चूक माही होती, बाईंचा अंदाज बरोबर होता, कोट बाईंच्या डोक्यातला आहे. कॉलर माही आहे, हेही सांगन, ते काई सोडणार नाई. अन् नर्सव्वाचे काज, मेले, इतके सुरेख असतेत का मले जन्मात जमणार नाईत. ते तिले तिच्या तोंडावर सांगन. जीव जळन माहा, पण सांगन.

तुमची जळकुकडी धाकली,
शांता