कुलपातला पिवळा डिंक

नळदुर्ग, मंगळवार. माघ, १९४४

डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचं मागचं दार काल ऐन वेळी उघडलंच नाही. आत अडलेली बाळंतीण. तिला पुढच्या शिटावरून ओढून काढावं लागलं म्हणे. म्हणून आज मोटार माझ्याकडं, कुलूपवाल्याकडं.

किल्ली फिरत होती, पण कुलपाची जीभ हलत नव्हती. वाटलं, स्प्रिंग तुटली असणार. दाराचा आतला पत्रा काढला तर स्प्रिंग धड, गंजही नाही. सगळ्यावर नुसता पिवळा डिंक बसलेला. मोटारीत डिंक आला कुठून? घासलेटानं धुतला, तेव्हा दार खटकन उघडलं.

ड्रायव्हर इमाम म्हणाला, "उस्ताद, दर जुम्म्याला तेल घालतो. लई जपतो दाराला."

मग अडकतं कसं?

धुण्याआधी कागदावर खरवडून ठेवलेला थोडा डिंक घरी आणला. संध्याकाळपासून तेच बघत बसलोय. बायकोनं नुसता वास घेतला.

"अवो, हे करडईचं तेल हाय. कढईच्या कडंला असंच बसतंय. राखेनं घासून नखं झिजली माझी."

तेल वाळून डिंक होतो! इतकी वर्षं कढई आणि कुलूप एकाच घरात, मला कसं सुचलं नाही?

इमामला हे तेल सांगितलं कुणी, ते विचारायची सोय नाही. गावातलं प्रत्येक कुलूप मीच हे तेल घालून परत देतो. वर्षाच्या आत ते पुन्हा अडकून येतं, आणि मी वर माणसाला झापतो : तेल घालत जा की जरा!