देवाचं नाव न घेता

३ मार्च

चि. मिरचीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकीलबाई काल घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, तुझ्याबरोबर कामाला असलेल्या साळुंकीच्या खटल्यात डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार तू एकटी, आणि तूच देवाची शपथ घेणार नाही म्हणून अडून बसली आहेस. मालकाचा वकील टपलेलाच आहे म्हणे. जिला देवाची भीती नाही तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, असं तो विचारणार.

अगं, त्या पोरीची यंत्रात बोटं गेली! वर मालक म्हणतात चूक तिचीच. निकाल विरुद्ध गेला तर ना भरपाई, ना काम. तुझा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून डोकं खाल्लं आहेस माझं. पण एक वाक्य म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं? (तो माझाच भाऊ, म्हणून बोलते.) आणि खरं सांगू का, देवाला न धरणारं माणूस ऐन वेळी कशाला धरून उभं राहतं, हे मला कधी कळलेलंच नाही.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले नाही, उलट हसूच आलं. देवाचं नाव न घेता नुसत्या प्रतिज्ञेवरही साक्ष देता येते, कायद्यातच तशी सोय आहे. खरं बोलायला उभं राहायचं आणि पहिलंच वाक्य खोटं, हे मला जमायचं नाही.

आणि हे मला शिकवलं कुणी? लहानपणी तुझ्या प्रार्थनेत मी नुसतीच तोंड हलवत होते. तू हाताला धरून बाहेर आणलंस आणि म्हणालीस, मनात नसेल तर ओठ हलवायचे नाहीत, त्यापेक्षा धुणं वाळत घाल. घे, तेव्हापासून धुणंच करतेय! आता इस्पितळाच्या चादरींचं, एवढाच काय तो फरक.

काळजी तुझी वाटते. आमचे मालक तुमच्या प्रार्थनागृहात पहिल्या रांगेत बसतात, आणि प्रार्थना सांगतेस तू. तुला उगाच ऐकून घ्यावं लागेल. गुडघ्याला तेल लावतेस ना?

लोभ आहेच, तो मागायचा काय!

तुझी
मिरची

२१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तर नाही, म्हणजे बाईसाहेब रुसल्या. तरी सांगते. काल साक्ष झाली.

बोटं आत जाऊ नयेत म्हणून इस्त्रीच्या रोलरवर असते ती जाळी मुकादमाने माझ्यासमोर काढली, चादरी अडकून काम खोळंबतं म्हणून मालकांनीच तसं सांगितलं होतं, हे मी सांगितलं. मग त्यांच्या वकिलाने तो प्रश्न काढलाच. देव मानत नाही, तर खोटं बोलायला मला अडवतं कोण? मी म्हटलं, साळुंकी अडवते. रोलरवर एकीने चादर आत सारायची, दुसरीने पलीकडून ओढायची. पलीकडची थांब म्हणाली की हात मागे, का म्हणून विचारायचं नाही. तिच्या शब्दावर माझी बोटं आणि माझ्या शब्दावर तिची. तिथे खोटं बोलून चालतच नाही.

मग त्याने विचारलं, त्या वेळी साळुंकी बोलत होती का. आत्या, हो म्हटलं तर चूक तिचीच ठरायची. आमच्या वकीलबाईंनी मान खाली घातली. मी हो म्हटलं. बोलतच होती, झोपेतसुद्धा बोलते ती, म्हणून तर साळुंकी म्हणतो. पण जाळी असती तर कितीही बोलली असती तरी चाललं असतं, हेही सांगितलं. बाहेर आल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि लगेच बडबडायला लागली. मी मात्र मनातून घाबरले आहे. माझ्या त्या एका ‘हो’मुळे तिचं नुकसान व्हायला नको.

दोन ओळी तरी लिही.

तुझी
मिरची

४ एप्रिल

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

रुसले नव्हते, लिहायला तोंड नव्हतं. जिंकल्याचा तुझा निरोप आला. न्यायाधीशांनी म्हटलं ना, की जी मैत्रिणीला नडणारं उत्तरसुद्धा सरळ देते, तिचं बाकीचंही खरं मानलं पाहिजे? मी ते शेजारणीला दोनदा ऐकवलं. ती पळूनच गेली बिचारी.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. तुझ्या साक्षीनंतर, निकाल लागायच्या आधी, मालक माझ्याकडे आले होते. अगदी गोड बोलत होते. तिला शब्द फिरवायला सांगा, तुम्ही देवभक्त बाई, तुमचं ती ऐकेल, असं म्हणाले. मी म्हटलं, तिला देवाची भीती नाही म्हणून ती ऐकणार नाही, आणि मला आहे म्हणून मी सांगणार नाही. चहा न पिताच गेले.

पुढच्याच आठवड्यात प्रार्थना सांगायला दुसरी बाई बसवली. मी आता शेवटच्या रांगेत असते. माझा देव तिथेही आहे, तू हसू नकोस. आमच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, माझ्या मनातल्या गर्वाची क्षमा कर, अशी. जन्मभर ती मी सगळ्यात मोठ्याने म्हटली. काल ती ओळ आली, तुझी आठवण झाली आणि मी ओठ मिटून गप्प बसले. मनात नव्हतं गं.

साळुंकीला घेऊन ये. लोभ उतू चाललाय, भांडं घेऊन ये.

तुझी गर्विष्ठ
आत्या