तुझा वाटा निम्म्याहून जास्त

प्रिय घड्याळबाई,

कशी आहेस? लेकाकडे गेल्यापासून अंगाने भरलीस म्हणे. बरं झालं. इथे मात्र आमच्या घराची सगळी वेळ चुकायला लागली आहे. तुझ्या दाराची कडी वाजली की सून दूध तापायला ठेवायची. आता ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि ते मेलं मागे पडतं. माझ्या ओळी उताराला लागल्यात, सांभाळून घे. नात म्हणत होती, आजी, तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं नको, तू माझं बोलणं सुधारत बसशील.

आपलं सोलर मजेत आहे. सून शिडी लावून तुझ्या छपरावर चढते आणि पॅनल पुसते, कारण कबुतरांना अख्ख्या गल्लीत दुसरी जागाच सापडत नाही. आठवतं का, हे बसवलं तेव्हा लोक कसे हसले होते? पॅनल तुझ्या छपरावर, कारण आमच्यावर मागच्या इमारतीची सावली, आणि बॅटरी आमच्या कोठीच्या खोलीत, कारण तुझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला होता, दोन म्हाताऱ्या आणि एक बॅटरी, महिन्याभरात बोलणं बंद. बोलणं कसलं बंद होतंय! इस्त्री लावायच्या आधी भिंतीवर थाप मारायची, पलीकडून थाप आली की लावायची, एवढाच आपला कायदा. अजूनही मी थाप मारते आणि वाट बघत उभी राहते. मग सून येऊन इस्त्री लावते.

निम्मं तुझं, निम्मं माझं, याचा मला केवढा तोरा होता. पण त्या रात्री गल्लीची वीज गेली आणि हे निम्मंच नडलं. इकडे आमचे पंखे, आमचा फ्रिज, तिकडे तुझं श्वासाचं मशीन, आणि उजाडायच्या आत बॅटरी रिकामी. तुझी ती धाप अजून माझ्या कानात आहे. लेकाने तुला उचलून नेलं ते बरोबरच केलं. जिथे असं होतं तिथे आईला परत पाठवणार नाही म्हणतो, तेही बरोबर. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

आता नातीचं कौतुक ऐक. कंटाळा आला तरी ऐक. पोरीचं वायरिंगचं काम असं चाललंय की जेवायला बसली तरी खिशातून स्क्रू पडतात. तिने भाड्याने थेट तुझ्यासारखंच मशीन आणलं, तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगाशी लावलं. संध्याकाळी दोन्ही घरांची बाहेरची वीज स्वतः बंद केली आणि आम्हाला बजावलं, आपल्याकडे एक दिवा सोडून काही लावायचं नाही. सगळे हो म्हणाले. सकाळी बघतो तर मशीन बंद. माझ्या चिरंजीवांनी मॅच बघितली होती. वर म्हणतात कसे, आवाज तर बंद ठेवला होता, आवाजाशिवाय किती वीज लागणार? एवढा वर्कशॉपमधला माणूस!

नात चिडली नाही. म्हणाली, माणसांच्या शब्दावर बॅटरी चालवायची नाही. मग सगळ्यांना बसवून विचारलं, बॅटरी अर्ध्यावर आली की कोणाचं घर आधी बंद पडायचं? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बापाकडे बघितलं. तो म्हणाला, आपलं. सून म्हणाली, फ्रिजमधलं दूध नासलं तर नासलं. मी आतून अशी फुगले होते की विचारू नकोस. आता तिने असं काहीतरी बसवलंय की बॅटरी अर्धी झाली की आमचं घर आपोआप अंधारात जातं आणि उरलेली सगळी वीज तुझ्या खोलीला मिळते. चिरंजीव मध्ये पडले तरी काही चालत नाही.

पुन्हा बघायचं तर नात म्हणे, ऊन असताना कोणीही पास होईल, ढग येऊ देत. मग काय, सगळी गल्ली कपडे वाळले म्हणून खूश आणि मी रोज आभाळाकडे बघून तोंड वाकडं करतेय. शेवटी एकदाचा सूर्य दिवसभर तोंड न दाखवता मावळला. त्या रात्री मी हट्टाने तुझ्याच पलंगावर झोपले, मशीनवर लक्ष ठेवायला. लक्ष कसलं, डोळा लागला तो थेट उन्हं आल्यावर उघडला. मशीन आपलं शांतपणे चालू होतं. आमचं घर केव्हाच बंद पडलेलं, चिरंजीव घामाने भिजून अंगणात बसलेले. नातीने बॅटरी बघितली, अजून शिल्लक होती. तरी उशाशी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर ठेवायचाच, असं तिने डॉक्टरीणबाईंना विचारून ठरवलंय.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन लेक उचलतो आणि मावशी, बघू, म्हणून ठेवतो. त्याला कामं असतात, माझी तक्रार नाही. मात्र तुला हल्ली अक्षर दिसत नाही, म्हणजे पत्र तोच वाचून दाखवत असणार, आणि एकदा वाचायला घेतलं की मध्येच ठेवता येत नाही, हे मला माहीत होतं. तेव्हा बाळा, आता तुझ्याशी बोलते. घर बघायला तू पाठवलेली माणसं येऊन गेली. मी त्यांना चहा दिला, खोल्या दाखवल्या, वावगं काही बोलले नाही. घर तुमचं आहे. तू घाबरलास ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून नुसतं पाठव म्हणत नाही. आधी एक रात्र तू स्वतः येऊन त्या खोलीत झोप, वीज मी बंद करते. पण त्याच्याही आधी एक कर. हा कागद खाली ठेव आणि आईला विचार, तुला कुठे राहायचंय? आपण सगळे तिच्या श्वासाच्या काळजीत होतो, हे तिला कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

तुझीच,
भिंतीपलीकडची