जेरिको घोड्याला आरोळी देऊ देण्याबाबत

प्रति,
मा. कॅप्टन साहेब,
डॉसन स्ट्रीट पोलीस ठाणे,
पश्चिम बाल्टिमोर.

अर्जदार: टेव्हॉन गेदर्स, वय सतरा, धंदा घोडागाडीवर फळं विकणे. मुक्काम सध्या पूर्वेला मावशीकडे, कारण माझ्या स्वतःच्या घरी जायला मला बंदी आहे.

विषय: कोंडवाड्यातल्या घोड्यासाठी कुंपणाशी रोज एक मिनिट ओरडायची परवानगी मिळावी. तीही जमत नसेल तर ते काम तुमच्या एका माणसाला सांगावं.

संदर्भ: माझे याआधीचे दोन अर्ज. दोन्ही परत आले, वर शिक्का "अर्जदाराने प्रत्यक्ष हजर राहून सादर करावा".

महोदय,

१. सविनय सादर करतो की, घोडा म्हातारे ओथा प्रुइट यांचा आहे. गल्लीत सगळे त्यांना पॉप म्हणतात. शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी मला वाऱ्यावर सोडलं, पॉपनी घरात आणि तबेल्यात घेतलं. "पुस्तकात डोकं चालत नाही तर पाय तरी चालव," म्हणाले. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून गाडी मी चालवतो.

२. जेरिको लगामावर चालत नाही, आवाजावर चालतो. पॉपनी त्याला तसंच वाढवलंय. आरोळी दिली की निघतो, "हो बाबा" म्हटलं की थांबतो. फेरी संपली की शेवटची आरोळी, मग तोबऱ्यात तोंड. त्याआधी पुढ्यात साखर ठेवा, शिवणार नाही. पॉपचा आवाज गेल्यावर माझा आवाज मानायला त्याने कितीतरी आठवडे घेतले. मी रडायचा बाकी होतो. हे सगळं लिहितोय कारण पुढचा घोळ ह्यावरूनच झाला.

३. त्या दिवशी लिंडेन गल्लीत कोपऱ्यावरच्या दुकानात चोरी झाली. वर्णन काय, तर काळा मुलगा, गडद टोपीचं जाकीट, उंची मध्यम. साहेब, त्या वर्णनात माझा मावसभाऊ बसतो, चर्चमधला ढोलवाला बसतो आणि आमची अर्धी गल्ली बसते. मी तेव्हा आमच्या जुन्या गिऱ्हाईक मिस वर्लीन यांच्या दारात होतो. लाल-पिवळी रंगवलेली गाडी, घोड्याच्या गळ्यात घंटा, गाडीत टरबुजं आणि पीच. चोरी करून पळणारा माणूस घंटा वाजवत, दारोदार थांबत, सुटे पैसे परत देत पळतो का?

शिपाई क्रॅडॉक यांनी पोलीस गाडी आडवी घातली आणि म्हणाले, "ए, हात वर. भिंतीकडे तोंड."

मी म्हटलं, "क्रॅडॉक साहेब, मी टेव्हॉन. फळवाला."

"नाव नंतर. कुठून पळत आलास?"

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हो ना, पळतच होतो. घोड्यावरून. वाटेत दोन डझन पीच पण विकली."

हे त्यांनी लिहून घेतलं. तुमच्या कागदावर आज असं आहे की, "इसमाने पळत असल्याचे स्वतः कबूल केले." मी टोमणा मारला होता, साहेब. तो मारायला नको होता, मिस वर्लीन पण तेच म्हणाल्या. पण टोमण्याला कबुली म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

४. क्रॅडॉक आम्हाला नवे नाहीत. उन्हाळाभर ते संध्याकाळी फेरीच्या शेवटी गाडीशी थांबायचे. एक पीच घ्यायचे, अर्धं स्वतः खायचे, अर्धं जेरिकोला द्यायचे. "काय जेरिको, काय म्हणतोस म्हाताऱ्या?" असं विचारायचे. घोड्याचं नाव त्यांना पाठ. माझ्या हातून पीच घेऊन घेऊन त्यांना माझा चेहरासुद्धा पाठ झाला नाही.

५. मला बेड्या घालून फुटपाथवर बसवलं. मिस वर्लीन पायरीवरून ओरडत होत्या, "अरे सोडा त्याला! पहाटेपासून ह्या घोड्याच्या मागे आहे तो! चोरी करायला वेळ कुठाय त्याला?" क्रॅडॉक म्हणाले, "बाई, तुम्ही आत व्हा." त्या म्हणाल्या, "मी माझ्याच पायरीवर बसलेय. तूच आत हो." तेवढ्यात पोलीस गाडीच्या दिव्यांनी की भोंग्याने बिचकून जेरिको निघाला. सरळ मोठ्या रस्त्याकडे. समोरून बस येत होती.

मी म्हटलं, "साहेब, फक्त दोन शब्द बोलू द्या त्याला."

"चूप! तोंडातून एक शब्द काढलास तर बघ."

मी काढला. "हो बाबा!" म्हणून जीव खाऊन ओरडलो. जेरिको थांबला. चौकाच्या बरोबर मध्ये थांबला, बस त्याच्या नाकाशी येऊन थांबली, आणि मग तो हललाच नाही. कारण थांब म्हणून सांगितलं होतं, चल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या चार माणसांनी ओढला, ढकलला, एकाने शेपटी धरली. बसवाले शिव्या घालत होते. मी परत म्हटलं, एक आरोळी देऊ द्या, आत्ता चालेल. परत "चूप". शेवटी ट्रक आणून त्याला उचलला आणि कोंडवाड्यात नेला.

दुकानवालीने मला बघितलं तर म्हणाली, "हा? हा तर फळवाला पोरगा. हा नव्हे." चोरीचं कलम गेलं. पण दोन राहिली. एक, गप्प बसण्याचा हुकूम मोडून आरडाओरडा केला. दुसरं, जनावर भर रस्त्यात बेवारस सोडलं. म्हणजे मी ओरडलो म्हणून एक गुन्हा, आणि हात बांधलेले असताना घोडा धरला नाही म्हणून दुसरा. ओरडलो नसतो तर घोडा बसखाली गेला असता, मग तिसरा लागला असता. मी त्या वेळी नक्की काय करायला हवं होतं, ते कृपया लेखी कळवावं. मी खरंच विचारतोय.

६. जामिनाची अट अशी, की जिथे गुन्हा घडला त्या भागात खटला संपेपर्यंत पाय ठेवायचा नाही. त्या भागात माझं घर आहे, तबेला आहे, पॉप आहेत. आणि तुमचं ठाणं पण तिथेच आहे.

७. कोंडवाडा म्हणतो, ठाण्याचं नाहरकत पत्र आणा, घोडा न्या. पत्रासाठी मिस वर्लीन पॉपना चाकाच्या खुर्चीतून तुमच्या खिडकीशी घेऊन गेल्या. खिडकीवर सांगितलं, "जनावर ज्याच्या ताब्यातून घेतलं त्यानेच यायचं." मिस वर्लीन म्हणाल्या, "त्याला तर तुम्हीच यायला बंदी केलीये." उत्तर आलं, "ते आमच्या खिडकीचं काम नाही." पॉप काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. तोंडातून नुसता घर्रघर्र आवाज आला. खिडकीवाल्याने विचारलं, "हे दारू पिऊन आलेत का?"

हे ऐकून मी बंदी असून ठाण्यात आलो. टोपी काढून, रांगेत उभा राहिलो. खिडकीवाल्याने संगणकात नाव टाकलं आणि म्हणाला, "तू इथे यायला नको होतास." म्हटलं, "तुम्हीच म्हणता प्रत्यक्ष या." तिथेच धरलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाई म्हणाल्या, पुन्हा दिसलास तर खटल्यापर्यंत आत. म्हणून अर्ज टपालाने पाठवले, एकामागून एक दोन. त्यांचं काय झालं ते वर संदर्भात लिहिलंच आहे.

८. कोंडवाडा मात्र बंदीच्या बाहेर आहे. मी नकाशा बघून खात्री करून घेतली. रोज सकाळी कुंपणाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून शेवटची आरोळी द्यायचो. आतून जेरिको कान टवकारायचा, मग बादलीत तोंड घालायचा. तिथला राखणदार ड्युई हसायचा. म्हणायचा, "पोरा, इतकं तर माझी बायको मला जेवायला बोलवत नाही." दोन आठवडे असं चाललं.

रविवारी समोरच्या नव्या इमारतीतून कोणीतरी फोन केला, की एक काळा मुलगा कुंपणाशी संशयास्पद ओरडतोय. गाडी आली. मी सांगितलं, घोड्याला जेवायला सांगतोय. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "काय घेतलंयस?" झडती घेतली. खिशात गाजर सापडलं. ह्या वेळी मी टोमणा मारला नाही, साहेब, ह्याची नोंद व्हावी. तरी समज मिळाली, की पुन्हा तिथे आवाज केला तर जामीन रद्द.

तेव्हापासून जेरिको खात नाही. आज बुधवार. ड्युईने फोनवर सांगितलं, "बादली तशीच आहे, पाणी पण थोडंच प्यायला. शुक्रवारी डॉक्टर येतोय. न खाणारं म्हातारं जनावर असलं की तो फार वेळ घालवत नाही. सुई टोचून मोकळा." मी माझी आरोळी फोनवर पाठवली, ड्युईने वाजवली. जेरिकोने फोन हुंगला आणि पाठ फिरवली. मग ड्युईने स्वतः ओरडून बघितलं, त्याचा आवाज तो मानत नाही. मिस वर्लीन दोन बस बदलून काठी टेकत गेल्या, कुंपणाशी ओरडल्या, पण ब्याऐंशीव्या वर्षी आवाज अंगणाच्या पलीकडे जात नाही. आत जायची मुभा फक्त वर्दीला आहे.

पॉपना अजून काही सांगितलेलं नाही. ते रोज खिडकीत बसून रस्त्याकडे बघतात. घंटा ऐकू येईल म्हणून.

९. तरी माझी विनंती अशी.

शुक्रवारपर्यंत रोज सकाळी एक मिनिट मला कुंपणाशी ओरडू द्यावं. हवं तर शेजारी शिपाई उभा करा. हवं तर बेड्या घाला, ओरडायला हात लागत नाहीत.

ते होत नसेल तर शिपाई क्रॅडॉक यांना आत पाठवावं. मी खूप विचार केला. ज्याला आत जायची मुभा आहे आणि ज्याने ती आरोळी उन्हाळाभर, रोज संध्याकाळी, पीच खात खात ऐकली आहे, असा ड्युई सोडून अख्ख्या शहरात तो एकच माणूस आहे. जेरिको त्यांचा हात ओळखतो. आवाज मानेल का, ते मला सांगता येत नाही. मला दुसरं काही सुचत नाहीये.

आरोळी पॉपची आहे. त्यांच्या वडिलांची होती. घरातल्या माणसाशिवाय ती कोणाला शिकवलेली नाही, मला सुद्धा त्यांनी वर्षभर झाडू मारायला लावून मग शिकवली. ती मी खाली पोलीस ठाण्याला लिहून देतोय. मी कुठवर आलोय ते ह्यावरून समजून घ्या.

एऽऽ टरबूऽज, थंडगाऽर,
या गं बायांनो, उघडा दाऽर,
संपलं टोपलं, उतरला भाऽर,
चल जेरिकोऽऽ, आपलं घर.

"गार", "दार", "भार" वर चढवायचं, लांब धरायचं. "घर" मात्र लांबवायचं नाही, खाली, हळू, कानाशी बोलल्यासारखं. रागाने म्हणू नका, राग त्याला कळतो. ह्यात कसलीही खूण किंवा इशारा नाही. म्हणून झालं की गप्प उभं राहायचं आणि वाट बघायची. चूप राहायचं, साहेब. तेवढं तुमच्या माणसाला सांगा.

अर्ज मिस वर्लीन स्वतः आणून देत आहेत. त्यांना अजून कुठे यायला बंदी नाही.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
टेव्हॉन गेदर्स
बुधवार, ऑगस्ट अखेर

सोबत:
१) जामिनाच्या अटीची प्रत.
२) परत आलेले दोन अर्ज, शिक्क्यासह.
३) पीच एक, कागदात गुंडाळून. अर्धं क्रॅडॉक यांना, अर्धं जेरिकोला. आरोळीच्या आधी देऊ नये, तो घेणार नाही.