माळावरचे मेव्हणे

आदरणीय मेव्हणे यांना शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच, खरा घातला तर उठवायला घरात कोणी नाही.) तुमचं पित्त, तुमचा खोकला आणि तुमचा घरमालक या तिन्हींत उतार पडला असेल अशी आशा आहे. मी ठणठणीत. विनंती विशेष अशी, की विनंती काहीच नाही, सहज लिहितोय.

डॉक्टरांनी मला फिरायला सांगितलंय. (बोलायला कोणी नसलं की माणूस उठसूट डॉक्टरकडे जातो, मग डॉक्टर त्याला लांब पाठवतो.) म्हणून परवा ऐन उन्हाळ्यात गावामागच्या टेकडीवर गेलो. वर नुसता माळ, गुडघाभर झुडपं, वारा, आणि माणसाचा मागमूस नाही. तुमची बहीण होती तेव्हा आम्ही फिरायला निघालो की मी पुढे बडबडत आणि ती मागून ‘हं’ म्हणत, अशी आमची चाल असे. वळून पाहायची मला सवय नाही. (जन्मभर शिंपीकाम केलं, अख्ख्या गावाच्या पाठी मापल्या, पण आपल्या पाठीमागे कधी बघितलं नाही.) परवाही जीभ आपोआप सुटली. शेजारच्या मास्तरांनी कोटाची बाही आखूड झाली म्हणून जो कांगावा केला, तो मी पहिल्यापासून सांगायला घेतला, आणि काय सांगू, मागून ‘हं’ आलं! अगदी जिथं यायला हवं तिथं. मी असा खुललो, की चढ कधी संपला कळलंच नाही. माथ्यावरून सगळं खोरं दिसत होतं, नदी, रस्ता, छपरं. आपलं घर दाखवायला म्हणून वळलो, तर मागे एक लठ्ठ मेंढी.

तिने माझं नीट ऐकून घेतलं, हे मी नाकारत नाही. पण इतकं एकटं वाटलं, की तिथंच मटकन बसलो आणि रडलो. तुमची बहीण गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा जमलं नव्हतं.

तेवढ्यात मेंढपाळ शिव्या देत वर आला. मी मेंढी पळवतोय असं त्याला वाटलं. ‘‘आणि मघापासून बोलताय कुणाशी?’’ आता चोर ठरावं की वेडा? मी म्हटलं, ‘‘मेव्हण्यांशी.’’ त्याने मेंढीकडे निरखून पाहिलं, शिव्या थांबवल्या आणि मला हाताला धरून थेट डॉक्टरांकडे आणून सोडलं. (राग मानू नका, ऐन वेळी दुसरं कोणी आठवलं नाही. आता माझं आहे तरी कोण?) तेव्हापासून एकट्याने टेकडी चढायची नाही, असं फर्मान आहे. मला काय, मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत जातो आणि परत येतो.

तुमचा,
भाऊजी

ता. क. मी कंटाळलोय, असा अर्थ कृपया काढू नये.

ता. क. मागची खोली रिकामी करून खाट टाकली आहे. खिडकी खोऱ्याकडे उघडते. तुम्हीही तिकडे एकटेच जेवता. मग दोन ठिकाणी चुली कशाला?

ता. क. उत्तर लिहीत बसू नका, सरळ निघा. काल आणि आज सकाळच्या गाडीला मी स्टँडवर जाऊन आलो, तुम्ही उतरला नाहीत. पत्र संध्याकाळी पेटीत टाकतो.